परराज्यात रुळायचं कसं: नाशिकहून बंगळुरूला संसार हलवणाऱ्यांसाठी

नाशिकहून बंगळुरूला नोकरीसाठी जाणाऱ्या घरांची तयारी साधारण सारखीच असते. पॅकर्सचे दोन-तीन भाव काढायचे, फोटो बघून फ्लॅट पक्का करायचा, मुलांची शाळा शोधायची आणि तिथे पोचल्यावर पहिल्या रविवारी मराठी माणसांचा ग्रुप गाठायचा. मग काही महिन्यांनी फोन येतो, "इथले लोक आपल्याला परकंच समजतात हो. रिक्षावाला नीट बोलत नाही, घरमालक टाळतो, पोराला वर्गात कोणी खेळायला घेत नाही." मी बंगळुरूत संसार केला आहे आणि आता नाशिकमध्ये असल्यामुळे असे फोन माझ्याकडे बरेच येतात. त्या घरांनी कष्ट कमी केलेले नसतात, पण कुठली गोष्ट आधी आणि कुठली नंतर, हा क्रम बहुतेकांचा चुकलेला असतो.

क्रम सांगण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. नाशिकच्या कारखान्यांच्या भागात, अंबडला किंवा सातपूरला, बाहेरून आलेला माणूस वर्षानुवर्षं राहूनही मराठीत एक वाक्य बोलत नाही, तेव्हा आपल्या मनात जे येतं, तेच बंगळुरूच्या माणसाच्या मनात आपल्याबद्दल येतं. २००८च्या फेब्रुवारीत नाशिकच्या कारखान्यांतले उत्तर भारतीय कामगार भीतीने गावी निघून गेले होते, हे आपल्या डोळ्यांसमोर घडलं आहे. आता बाहेरचे आपण आहोत. आपण इथे येणाऱ्यांकडून जी अपेक्षा करतो ती तिथे स्वतः पूर्ण करायची. पुढची सगळी पावलं यावर उभी आहेत.

१. निघण्याआधी: नाशिकमध्येच उरकायची कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे, पण तो अर्धवट राहिला की तिथे गेल्यावर दर महिन्याला नाशिकच्या खेपा पडतात. मन इथे आणि सामान तिथे असेल तर माणूस रुळत नाही.

मुलांचं आधी बघा. शाळा सोडल्याचा दाखला घेताना दुसऱ्या राज्यात जात असल्याचं शाळेला स्पष्ट सांगा आणि त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागते का, ते नव्या शाळेला आधीच विचारा. लागत असेल तर ती इथेच घ्या. नंतर फक्त एका सहीसाठी सुट्टी काढून यावं लागतं.

अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला आणि जात पडताळणी यांतलं जे तुमच्या घराला लागू असेल ते निघण्यापूर्वी हातात हवं. महाराष्ट्रातला जातीचा दाखला कर्नाटकात राज्याच्या आरक्षणासाठी चालत नाही. तो लागणार पुढे महाराष्ट्रात परत प्रवेश घेताना, आणि तेव्हा बंगळुरूहून सेतू कार्यालयाच्या चकरा मारणं फार जड जातं.

सावध: मूल नववी ते बारावीत असेल तर घाई करू नका. महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेशाच्या राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही इथूनच झालेली लागते. कर्नाटकच्या सीईटीत स्थानिक म्हणून बसायचं तर तिथे साधारण सात वर्षं शिकलेलं असावं लागतं. दहावी नाशिकला आणि बारावी बंगळुरूला झालेलं मूल दोन्हीकडून बाहेर पडू शकतं. ज्या वर्षी प्रवेश असेल त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचा, आणि गरज पडली तर एका पालकाने मुलासोबत नाशिकला थांबण्याचा विचार करा. हे सांगायला मला बरं वाटत नाही, पण सगळ्यात महाग पडणारी चूक हीच आहे.

गॅसचं कनेक्शन एजन्सीत जाऊन रीतसर बंद किंवा हस्तांतरित करा आणि व्हाउचर जपून ठेवा. सिलिंडर शेजाऱ्याकडे ठेवून जाऊ नका. बँकेत आणि विम्यात सध्या फक्त मोबाइल नंबर तपासा, पत्ता नंतर बदलता येतो.

दुचाकी जुनी असेल तर नाशिकलाच विका, असं माझं मत आहे. कारण पुढे गाडीच्या टप्प्यात येईल.

२. निघण्याआधीचा महिना: भाषा

"तिकडे सगळ्यांना हिंदी येतं" हे वाक्य घरातून हद्दपार करा. येतं बऱ्याच जणांना. पण पहिलं वाक्य हिंदीत टाकलं की समोरच्याला वाटतं, हा माणूस कन्नडिगाने आपल्यासाठी भाषा बदलावी असं धरूनच चालला आहे. तेच पहिलं वाक्य मोडक्या कन्नडमध्ये टाकलं तर तो स्वतःहून हिंदीवर किंवा दखनीवर (दक्षिणेकडच्या हिंदी-उर्दूवर) येतो. सुरुवात कन्नडमध्ये करायची आणि सवलत त्याला देऊ द्यायची. कामही होतं आणि मानही राहतो.

महिनाभरात व्याकरण होणार नाही आणि त्याची गरजही नाही. एवढं तोंडात बसवा:

नमस्कार. एष्टु? (किती?) एल्लि? (कुठे?) बेकु (हवं), बेड (नको), साकु (पुरे). इदे (आहे), इल्ल (नाही). स्वल्प निधानवागि हेळि (जरा सावकाश सांगा). ऊट आय्ता? (जेवण झालं का?) आकडे शंभरपर्यंत: ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु, पुढे हत्तु (दहा), इप्पत्तु (वीस), ऐवत्तु (पन्नास), नूरु (शंभर).

आणि सगळ्यात उपयोगाचं वाक्य: "ननगे कन्नड स्वल्प स्वल्प बरुत्ते, कलीता इद्दीनि." मला कन्नड थोडं थोडं येतं, शिकतेय. पुरुषांनीही हेच म्हणायचं, क्रियापद बदलत नाही.

जे वाक्य टाळायचं ते "कन्नड गोत्तिल्ल". अर्थ एवढाच की कन्नड माहीत नाही. पण बंगळुरूच्या लोकांनी ते इतक्या जणांकडून इतक्या बेफिकिरीने ऐकलं आहे की त्याने समोरचं तोंड लगेच कडू होतं.

मोठ्यांशी आणि अनोळखी माणसांशी "नीवु" वापरा, "नीनु" नको, आपल्या तुम्ही-तूसारखंच. रिक्षावाल्याला, भाजीवाल्याला "अण्णा", बाईमाणसाला "अक्का" किंवा "अम्मा". आपल्या जिभेला ळ सहज येतो, हा मोठा फायदा आहे. हिंदी पट्ट्यातून आलेल्यांना तिथेच अडखळायला होतं.

तपासा: निघायच्या आठवड्यात घरातल्या प्रत्येकाला, आजी-आजोबांनाही, वरचं "कलीता इद्दीनि" न अडखळता म्हणता येतं का? फक्त नोकरीवाल्याला येत असेल तर तयारी झालेली नाही. दिवसभर दारात येणाऱ्या माणसांशी बोलायचं असतं ते घरात असणाऱ्याला.

३. घर: फोटोवरून नाही

पहिला महिना पीजी, सर्व्हिस अपार्टमेंट किंवा कंपनीच्या गेस्ट हाउसवर काढा. नोकरी करणाऱ्याने आधी एकट्याने जावं आणि कुटुंबाने नंतर. पैसे जास्त जातात, पण चुकीच्या भागात अकरा महिने अडकण्यापेक्षा हे स्वस्त आहे.

कुठल्या प्रकारचं घर घ्यावं याबद्दल माझं मत बहुतेकांपेक्षा वेगळं आहे. नवे लोक मोठ्या गेटच्या सोसायटीकडे धावतात, कारण तिथे सगळेच बाहेरचे असतात आणि कोणी काही म्हणत नाही. पण तिथे राहून पाच वर्षांनीही तुम्ही बंगळुरूत परकेच राहता. गेटवरचा वॉचमन आसाम-ओडिशाचा, वरच्या मजल्यावरचे दिल्लीचे, लिफ्टमध्ये हिंदी-इंग्रजी. कन्नड कानावर पडणार कधी? त्यापेक्षा जुन्या वस्तीतलं, घरमालक त्याच इमारतीत तळमजल्यावर राहतो असं घर शोधा. पहिले दोन महिने जड जातील. मालकीणबाई दारातून बघतील, पाण्याचा हिशेब विचारतील, पाहुणे किती आले ते मोजतील. पण त्या एकदा तुमच्या बाजूच्या झाल्या की गल्लीत कोणी तुम्हाला बाहेरचं म्हणत नाही.

बोलणी करताना हे प्रश्न विचारा, आणि उत्तरं करारात लिहून घ्या. अनामत किती महिन्यांची? नाशिकच्या मानाने हा आकडा ऐकून धक्का बसतो. तिथे अनेक महिन्यांचं भाडं आगाऊ मागायची रीत आहे आणि घासाघीसही होते. घर सोडताना रंगकामाचे पैसे कापणार का, आणि किती? बहुतेक ठिकाणी एक महिन्याचं भाडं कापतात. आधी लिहिलेलं नसेल तर शेवटी भांडण होतं आणि ते भांडण लगेच भाषेवर जातं. पाणी कावेरीचं की बोअरचं? टँकर आला तर पैसे कोणी द्यायचे? २०२४च्या उन्हाळ्यात शहरात पाण्याचे फार हाल झाले. गंगापूर धरणाच्या भरवशावर वाढलेल्या आपल्या लोकांना हा प्रश्न सुचतच नाही.

मांस-मच्छी चालेल का, हे मालक विचारतील. खरं सांगा. लपवून घेतलेल्या घरात वासावरून रोज ताण राहतो आणि त्यावरून गेलेला विश्वास परत येत नाही.

सावध: मालकाशी पहिल्या भेटीत "आमच्याकडे नाशिकला एवढी अनामत घेत नाहीत" हे वाक्य नको. "स्वल्प कडिमे माडि" (जरा कमी करा) म्हणा. तेवढ्याने आकडा थोडा तरी खाली येतो.

४. पहिले तीन आठवडे: ऐका, रोज एकाच ठिकाणी जा

या काळात कुठलाही वाद घालायचा नाही, तक्रार करायची नाही, सोसायटीच्या किंवा गल्लीच्या ग्रुपवर मत मांडायचं नाही. एकच काम: रोज लागणाऱ्या वस्तूंसाठी ठरलेली माणसं धरणं. एक दूधवाला, एक भाजीवाली, एक किराणा, एक इस्त्रीवाला. अ‍ॅपवरून सगळं दारात मागवलं तर चार पैसे वाचतील, पण तुमचं नाव कोणाला कळणार नाही.

सिडकोतून गेलेल्या माझ्या ओळखीच्या एका ताईंनी हे फार नेटकं केलं. त्यांच्या कोपऱ्यावर एक अम्मा हातगाडीवर पालेभाजी विकायची. ताई रोज एकच जुडी उचलायच्या आणि विचारायच्या, "इदु एनु?" हे काय? पहिल्या दिवशी मेंत्ये सोप्पु (मेथी), दुसऱ्या दिवशी कोत्तंबरी (कोथिंबीर). शेपूची जुडी उचलली तेव्हा अम्मा म्हणाली "सब्बसिगे", ताई म्हणाल्या "सबसगी", अम्माने मान हलवली आणि परत सांगितलं. शेजारी उभ्या दोन बायकाही मग सांगायला लागल्या. आठवड्याभरात अम्मा कढीपत्ता न मागता पिशवीत टाकायला लागली. पुढे घरमालकाशी पाण्यावरून ताणलं गेलं, तेव्हा त्या दोन बायकांपैकी एक मध्ये पडली, कारण ती मालकीणबाईंची जाऊ निघाली. हे काही ठरवून घडवता येत नाही. पण रोज एका ठिकाणी उभं राहिल्याशिवाय ते घडतही नाही.

या दिवसांत तोंडातून जाऊ नयेत अशी वाक्यं:

"आमच्याकडे असं नसतं." दिवसातून एकदा तरी येतंच. मोजा आणि कमी करा.

"सांबार गोड कसं?" तिथे गूळ घालतात. खा किंवा खाऊ नका, शेरा नको.

"बंगळुरू तर शहाजीराजांची जहागीर." इतिहास म्हणून खरं आहे, पण तिथल्या माणसाच्या मनात शहर ते वसवणाऱ्या केंपेगौडांचं आहे आणि विमानतळालाही त्यांचंच नाव आहे. नव्याने आलेल्या मराठी माणसाच्या तोंडून जहागिरीचा उल्लेख हक्क सांगितल्यासारखा ऐकू येतो.

तपासा: तीन आठवड्यांनी गल्लीत किमान चार माणसं तुम्हाला पाहून मान हलवतात का? नसतील तर पुढच्या टप्प्याकडे जाऊ नका. आणखी दोन आठवडे हेच करा.

५. शेजार: रिकाम्या हाताने जाऊ नका, आणि लगेच बोलावू नका

नाशिकहून निघताना चिवड्याची आणि बेदाण्यांची पाकिटं घ्या, शेजारच्या घरांना पुरतील एवढी. द्राक्षं हजार किलोमीटरच्या प्रवासात टिकत नाहीत. राहायला गेल्यावर साधारण दहाव्या-पंधराव्या दिवशी, संध्याकाळी, दारातच द्यायची. आत जायचं नाही, जेवायचं बोलावणं करायचं नाही. पहिल्याच आठवड्यात जेवायला बोलावलं की समोरच्याला परतफेडीचं ओझं वाटतं.

खरा दरवाजा सणांनी उघडतो. कॅलेंडर जवळपास आपलंच आहे, त्यामुळे तयारी सोपी जाते. आपला पाडवा त्याच दिवशी त्यांची युगादी. कडुनिंब आणि गूळ दोन्हीकडे. संक्रांतीला तिथे एळ्ळु-बेल्ल वाटतात, तीळ, गूळ, सुकं खोबरं, शेंगदाणे, डाळं एकत्र करून. मुली ताट घेऊन घरोघर जातात. त्या दिवशी आपले तिळाचे लाडू डब्यात भरून तयार ठेवा आणि दारात आलेल्या प्रत्येक मुलीच्या हातात द्या. श्रावणातल्या शुक्रवारी वरमहालक्ष्मीचं व्रत असतं, तेव्हा शेजारीण कुंकवाला बोलावेल. जा, आणि जाताना ब्लाउजपीस किंवा फळं न्या. गौरी मात्र तिथे गणपतीच्या आदल्या दिवशी बसते. आपल्या पद्धतीने नंतर बसवायच्या असतील तर खुशाल बसवा, पण त्यांचं चुकतं आणि आपलं बरोबर, अशी चर्चा सुरू करू नका.

सावध: हळदीकुंकवाला फक्त मराठी बायका बोलावल्या तर गल्लीला दिसतं. पहिलं बोलावणं मालकीणबाईंना.

६. बस, रिक्षा आणि शक्ती योजना

बीएमटीसीच्या, म्हणजे बंगळुरूच्या शहर बससेवेच्या, बसमध्ये बायकांच्या जागा पुढच्या भागात असतात. आपल्याकडे असतात तशा एका बाजूला शोधू नका. सुट्टे जवळ ठेवा. वाहकाशी वाद सुट्ट्यांवरून सुरू होतो आणि पुढच्या थांब्यापर्यंत तो भाषेचा होतो.

आता एक नेमकी चूक, जी नाशिकच्या बायका सतत करतात. एसटीत महिलांना अर्ध्या तिकिटाची सवय झालेली असते, आणि कर्नाटकात महिलांना साध्या बसमध्ये प्रवास फुकट आहे एवढं ऐकलेलं असतं. जून २०२३ पासूनची ही शक्ती योजना कर्नाटकच्या रहिवासी महिलांसाठी आहे. आधारवर नाशिकचा पत्ता असेल तर तिकीट काढावंच लागेल. वाहक तिकीट मागतो तेव्हा तो तुम्हाला मराठी म्हणून त्रास देत नसतो, त्याला नियमच तसा आहे. भाडेकरार झाल्यावर आधारचा पत्ता बदला, मग शून्य रकमेचं तिकीट मिळेल. तोवर पैसे देऊन शांतपणे प्रवास करा.

रिक्षाला उगाच मीटरवरून अडून बसू नका. अ‍ॅपवरून बोलवा, बसताना "नमस्कार अण्णा" म्हणा, उतरताना भाडं तयार ठेवा.

७. तणावाचे दिवस आधी ओळखा

मराठी माणसाला बंगळुरूत एक वेगळी काळजी घ्यावी लागते, जी बिहारच्या किंवा केरळच्या माणसाला लागत नाही. सीमाप्रश्न. २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे आणि मधूनमधून बेळगाव तापतं. डिसेंबर २०२२ मध्ये बेळगावजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावात भाषेवरून बसवाहकाला मारहाण झाल्याचं प्रकरण पेटलं आणि दोन राज्यांमधल्या बस काही काळ बंद पडल्या. बंगळुरूत रोजच्या जगण्यावर याचा परिणाम होत नाही, पण त्या आठवड्यात एमएच १५ पाटीची गाडी लक्षात येते.

अशा आठवड्यात गाडी घरी ठेवा किंवा पार्किंगच्या आत लावा. बसने नाशिकला यायचं असेल तर बातम्या बघून निघा. रेल्वेने यायचं तर कर्नाटक एक्सप्रेस सोलापूर-दौंडवरून मनमाडला सोडते, वाटेत बेळगाव लागत नाही. ऑफिसात आणि गल्लीत सीमाप्रश्नावर कोणी मत विचारलं तर "नमगे एल्लरू बेकु", आम्हाला सगळेच हवेत, एवढं म्हणून विषय बदला. मत असू नये असं मी म्हणत नाही. तुमच्या-माझ्या मनात ते असणारच. पण ज्या माणसाची ओळख तीन महिन्यांची आहे त्याच्यासमोर ते मांडून मराठी माणसाचं काहीच भलं होत नाही.

एक नोव्हेंबर हा कर्नाटक राज्योत्सव. लाल-पिवळे झेंडे, गल्लोगल्ली मंडप, ऑफिसातही कार्यक्रम. बेळगावात मराठी संघटना त्याच दिवशी काळा दिवस पाळतात आणि त्याचे संदेश तुमच्या नाशिकच्या ग्रुपवर येतील. ते बंगळुरूच्या कुठल्याही ग्रुपवर पुढे ढकलू नका आणि स्टेटसलाही ठेवू नका. गल्लीतल्या मंडपात जा, वर्गणी मागितली तर द्या, लाडू घ्या. गणपतीच्या वर्गणीला बाहेरच्या भाडेकरूने आनंदाने पावती फाडली की आपल्यालाही तो आपला वाटतोच.

कावेरीच्या पाण्यावरून बंद पुकारला जातो, तेव्हाही घरी थांबा. त्यात तुमची बाजू कुठलीच नाही.

८. कोणी अंगावर आलं तर

"कन्नड माताडि", कन्नड बोला, असं कोणी वरच्या पट्टीत म्हटलं तर क्रम असा. थांबा. आवाज खाली आणा. "कलीता इद्दीनि, सॉरी अण्णा" म्हणा. पैसे द्यायचे असतील ते द्या, वस्तू राहू द्या आणि निघा. दहातल्या बहुतेक वेळी इथेच संपतं.

मोबाइल काढून चित्रीकरण करू नका. लोकांना वाटतं पुरावा होईल; प्रत्यक्षात समोरच्याचा राग दुप्पट होतो, चार माणसं जमतात, आणि तोच व्हिडिओ संध्याकाळी दोन्ही राज्यांत फिरतो. त्यात तुमचा चेहरा आणि तुमच्या मुलाच्या शाळेचा गणवेश असतो. "भारत आहे हा, मी कुठेही राहीन" हेही त्या क्षणी बोलू नका. घटनेच्या कलम १९ ने तो हक्क दिलेला आहे आणि तो कोणी काढून घेऊ शकत नाही. म्हणूनच तो रस्त्यावर सिद्ध करायची गरज नाही.

हात उचलला, अडवून ठेवलं, घरात घुसायचा प्रयत्न झाला, तर गोष्ट भाषेची राहिली नाही, तो गुन्हा आहे. ११२ लावा, गाडीचा नंबर आणि वेळ लिहून ठेवा, आणि पोलीस ठाण्यात कन्नड येणाऱ्या कोणाला तरी सोबत न्या. मालकीणबाईंशी जुळवलेलं इथे उपयोगी पडतं. तक्रारीत घडलं तेवढंच सांगा. "ही माणसं अशीच" हे वाक्य तक्रार कमजोर करतं.

९. मुलं, आणि घरात राहणारा जोडीदार

राज्याचा २०१५चा कायदा शाळांना कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवायला सांगतो. मधल्या इयत्तेत आलेल्या मुलाला शाळा काय सवलत देते हे प्रवेशाच्या वेळी विचारा, पण सवलत मिळाली म्हणून कन्नड सोडायला लावू नका. वर्गातली थट्टा आणि मैदानावरची आरडाओरड कन्नडमध्येच चालते. मूल एकटं पडत असेल तर शिकवणी लावण्याआधी संध्याकाळी गल्लीत क्रिकेट खेळायला पाठवा. शाळेत कोणी बाहेरचा म्हणून चिडवत असेल तर आधी वर्गशिक्षिकेला एकटं भेटा. थेट मुख्याध्यापकांना लेखी तक्रार दिली की मूल आणखी एकटं पडतं.

मुलांसमोर घरात कन्नडिगांना नावं ठेवू नका. ती दुसऱ्या दिवशी वर्गात जशीच्या तशी पोचतात.

सगळ्यात एकटं पडतं ते नोकरी सोडून सोबत गेलेलं माणूस, बहुतेक वेळा बायको. नवऱ्याचे सहकारी असतात, मुलांना शाळा असते. तिला दिवसभर बंद दार आणि नाशिकच्या आईचा फोन. तिच्यासाठी पहिल्या महिन्यातच घराबाहेरचं एक ठरलेलं काम हवं. कन्नडचा वर्ग, भजनी मंडळ, योग, शिवण, काहीही, पण कन्नड बायकांमध्ये. घरातल्या बाकीच्यांनी त्या तासाला तिची अडवणूक करायची नाही. ही गोष्ट खर्चाच्या यादीत शेवटी ढकलली जाते, आणि माझ्या पाहण्यातली जी घरं वर्षाच्या आत परतली ती बहुतेक याच कारणाने.

१०. आपली माणसं: चौथ्या महिन्यापासून

गांधीनगरातल्या महाराष्ट्र मंडळात जा, जरूर जा. मराठी बोलल्याशिवाय जीव रमत नाही, ते खरंच आहे. फक्त पहिल्या महिन्यात नको. सुरुवातीलाच मराठी घोळका मिळाला की कन्नड शिकायची गरज संपते आणि प्रत्येक शनिवारी जुन्या लोकांच्या तक्रारी ऐकून तुमचंही मत तयार होतं.

मधला एक चांगला दुवा लोकांना सुचत नाही: हुबळी-धारवाड, विजयपूर, बागलकोट भागातून बंगळुरूला आलेली माणसं. यांतल्या पुष्कळांना मराठी कळतं, त्यांनाही सांबार-भातापेक्षा ज्वारीची भाकरी प्रिय, आणि राजधानीत त्यांनाही थोडं बाहेरचंच वाटतं. जोळद रोट्टीच्या खानावळी शोधा. भाकरी, भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी मिळेल. बोलणं मात्र कन्नडमध्ये सुरू करा. मराठीवर यायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या.

११. दहावा महिना: गाडी आणि मतदार यादी

मोटार वाहन कायद्यानुसार दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका. क्रम असा: आधी सगळी ई-चलनं भरा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना हरकत पत्र घ्या. मग पेठ रोडच्या आरटीओकडे फॉर्म २८ भरून ना हरकत प्रमाणपत्र. त्यानंतर कर्नाटकात नोंदणीचा अर्ज आणि तिथला कर. नवी नोंदणी हातात आली की महाराष्ट्रात भरलेल्या करातला उरलेल्या वर्षांचा परतावा मागा. लोक हा शेवटचा अर्ज विसरतात आणि पैसे सोडून देतात. कर्नाटकचा कर जड आहे, म्हणून जुनी दुचाकी नाशिकलाच विकायला सांगितलं.

नवी गाडी घ्यायची असेल आणि कंपनीची कार्यालयं चार किंवा अधिक राज्यांत असतील तर बीएच मालिकेचा क्रमांक मिळतो का, ते बघा. मग राज्य बदललं तरी पाटी बदलावी लागत नाही.

मतदार यादीत नाव हलवण्यासाठी फॉर्म ८. तुम्ही तिथे राहणार हे ठरलं असेल तरच भरा, आणि ठरलं असेल तर लांबवू नका. वॉर्डातला नगरसेवक किंवा आमदाराचा माणूस मतदार असलेल्या घराकडे वेगळ्या नजरेने बघतो, ते नाशिकला असो की बंगळुरूला.

१२. दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर

वरचा क्रम तोच, तपशील बदलतो. हैदराबादेत दखनी हिंदीवर बरंच निभावतं, पण शाळेत तेलुगू येतेच. चेन्नईत हिंदीने सुरुवात केलेली बंगळुरूपेक्षाही जास्त खटकते. तमिळची चार वाक्यं किंवा साधं इंग्रजी बरं. वापी, सुरतला भाषेचा ताण कमी, खाण्याच्या सवयींवरून घर मिळायला त्रास जास्त. आणि गुजरातेत दारूबंदी आहे: नाशिकहून पेठ-धरमपूरमार्गे सामान नेताना टेम्पोत चुकून राहिलेली एक बाटलीसुद्धा पोलीस केस करते. सामान भरणाऱ्यांवर सोडू नका, स्वयंपाकघरातली आणि दिवाणखान्यातली खोकी बंद करण्याआधी स्वतः उघडून बघा.